नाव, भाव आणि मालिका : किरकोळ विक्रीच्या कंपन्यांचे जुने भाव कसे वाचावेत

सातारा जिल्ह्याचे १९४१ च्या शिरगणतीतील आकडे आणि १९६१ च्या शिरगणतीतील आकडे शेजारी शेजारी मांडून एखादा विद्यार्थी वाढ-घटीची टक्केवारी काढू लागला, तर त्यास आपण तत्काळ थांबवू. १९४९ मध्ये जुन्या जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, भोवतालच्या संस्थानांचा मुलूख त्यांत मिसळला, आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. 'सातारा' हा शब्द दोन्ही तक्त्यांत एकच आहे. त्याने निर्देशिलेला प्रदेश मात्र एक नव्हे. ही सावधगिरी इतिहासाच्या व भूगोलाच्या अभ्यासकास अंगवळणी पडलेली असते. परंतु तोच अभ्यासक एखाद्या कंपनीच्या भागांच्या जुन्या भावांचा तक्ता हाती आला की ती विसरतो, आणि वीस वर्षांपूर्वीचा आकडा व कालचा आकडा यांची सरळ वजाबाकी करतो. अलीकडे वाणिज्य व अर्थशास्त्र या विषयांच्या प्रबंधिकांत असे तक्ते सर्रास येतात. शिवाय निवृत्तीच्या वेळी मिळालेली पुंजी कोठे गुंतवावी हे ठरविण्यासाठी आपल्यापैकी अनेकजण तेच तक्ते चाळीत असतात. म्हणून भाषाभ्यासकाच्या दृष्टीने या विषयाकडे पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठीत 'भाव', 'दर', 'किंमत' व 'मूल्य' हे शब्द स्थूलमानाने समानार्थी मानले जातात. पण सांगलीच्या हळदीच्या बाजारात वावरणारा मनुष्य त्यांची गल्लत करीत नाही. भाव हा त्या दिवशी, त्या सौद्यात ठरतो. किंमत ही घेणाऱ्याने मोजावयाची असते. आणि मूल्य हे ज्याच्या त्याच्या अंदाजाचा विषय होय. कंपनीच्या भागांचा जो तक्ता आपण वाचतो तो केवळ भावांचा असतो. त्यातील 'बंद भाव'देखील शेवटच्या सौद्याचा भाव असेलच असे नाही. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या आजवरच्या मालिकांत तो सामान्यतः अखेरच्या अर्ध्या तासातील सौद्यांची भारित सरासरी असतो. तेव्हा तक्त्यातील आकड्यास 'कंपनीचे त्या दिवशीचे मूल्य' असे संबोधणे म्हणजे भाव या शब्दावर त्याच्या शक्तीबाहेरचे ओझे लादणे होय.

आता आपल्या परिसरातील उदाहरण घेऊ. पु. ना. गाडगीळ या नावाच्या सराफी परंपरेचा आरंभ १८३२ मध्ये सांगलीत झाला. पुढे १९५८ मध्ये पुण्यास लक्ष्मी रस्त्यावर पेढी निघाली. या घराण्याच्या नावाने आज एकाहून अधिक स्वतंत्र पेढ्या चालतात. त्यांपैकी पुण्याच्या 'पी. एन. गाडगीळ ज्वेलर्स' या कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये आपले भाग प्रथमच लोकांस विक्रीस काढले. दर भागास ४८० रुपये ही अखेरची विक्री-किंमत ठरली. दि. १७ सप्टेंबर रोजी बाजारात व्यवहार सुरू झाले, तेव्हा राष्ट्रीय शेअर बाजारात पहिला भाव ८३० रुपये निघाला. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्यावयाच्या. पहिली अशी की, परंपरा दोन शतकांकडे झुकलेली असली तरी भावांची मालिका त्या दिवसापासूनच सुरू होते. १८३२ हे साल भावांच्या तक्त्याच्या दृष्टीने निरर्थक आहे. दुसरी अशी की, ज्या कंपनीचा भाग आपण घेतो तीच कंपनी आपणास अभिप्रेत असलेली पेढी आहे काय, हे नावावरून ठरत नाही. बाजार नावाने नव्हे, तर प्रत्येक रोख्यास दिलेल्या बारा चिन्हांच्या संकेतांकाने कंपनी ओळखतो, आणि अभ्यासकानेही तोच टिपून ठेवावा.

नाव व नामी यांच्या या विसंगतीची याहून ठळक उदाहरणे आपल्या देशातील किरकोळ विक्रीच्या व्यवसायात आहेत. 'ट्रेंट' या टाटा समूहातील कंपनीची जन्मकथा १९५२ पासून सांगितली जाते. परंतु १९९८ पर्यंत ती 'लॅक्मे' या नावाची प्रसाधनद्रव्यांची कंपनी होती. (लॅक्मे हे 'लक्ष्मी'चेच फ्रेंच रूप, फ्रान्सची सफर करून घरी परतलेला हा तद्भव शब्द भाषाभ्यासकास मोहात पाडतो, पण तो विषय वेगळा.) प्रसाधनांचा व्यवसाय विकून त्या कंपनीने कपड्यांची दुकाने काढली आणि नाव बदलले. अर्थात १९९८ पूर्वीच्या भावांवरून दुकानदारीविषयी काहीही अनुमान काढणे हे चुकीच्या ग्रंथाचा पाठ उद्धृत करण्यासारखे आहे.

'फ्यूचर रिटेल'चे प्रकरण अधिकच गुंतागुंतीचे. 'पँटलून रिटेल' या कंपनीने २०१३ मध्ये हे नाव धारण केले. २०१६ मध्ये तिची दुकाने 'भारती रिटेल' या दुसऱ्याच कंपनीकडे गेली. त्या कंपनीस 'फ्यूचर रिटेल' हे नाव मिळाले, आणि जुनी 'फ्यूचर रिटेल' ही 'फ्यूचर एंटरप्रायझेस' झाली. दरम्यान 'पँटलून्स' ही नाममुद्रा बिर्ला समूहाकडे जाऊन तिसऱ्याच कंपनीच्या नावात बसली. 'फ्यूचर रिटेल'च्या २०१५ व २०१७ मधील भावांची तुलना करणारा मनुष्य वस्तुतः दोन निरनिराळ्या देहांची नाडी तपासतो आहे.

कंपनी तीच असली तरी 'एक भाग' हे परिमाण स्थिर राहतेच असे नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्यापूर्वीचे बाजारभाव रुपये-आणे-पैंत लिहिलेले आढळतात आणि वजनेही मण-शेरांची. ते वाचताना आपण प्रथम परिमाण बदलून घेतो. येथेही तेच करावयाचे. ट्रेंटने २०१६ मध्ये दहा रुपये दर्शनी किमतीच्या एका भागाचे एक रुपयाचे दहा भाग केले. अशा वेळी भाव एका रात्रीत सुमारे एक दशांश होतो. भागधारकाचे काहीच जात नाही, कारण त्याच्याकडील भाग दसपट झालेले असतात. घड्याळे व दागिने विकणाऱ्या टायटन कंपनीने २०११ मध्ये असेच दहा भागांत विभाजन केले आणि त्याबरोबर एकास एक बक्षीस भाग दिले. म्हणजे जुन्या एका भागाचे वीस भाग झाले. तेव्हा त्या दिवसापूर्वीचे छापील भाव विसाने भागल्याखेरीज पुढील भावांशी जुळत नाहीत. हा भागाकार केलेल्या मालिकेस समायोजित भावांची मालिका म्हणतात. जुन्या वृत्तपत्रांतील भाव आणि आजच्या तक्त्यांतील त्याच दिवसाचा भाव यांत तफावत दिसते ती बहुधा यामुळेच. (दर्शनी किंमत बदलली की वर सांगितलेला संकेतांकही बदलतो, हेही ध्यानात ठेवावे.)

लाभांशाचा प्रश्न थोडा सूक्ष्म आहे. समजा, एका भागाचा भाव २०० रुपये असून कंपनीने ६ रुपये लाभांश जाहीर केला. लाभांशाचा हक्क सुटल्यानंतरच्या दिवशी, इतर सर्व गोष्टी समान राहिल्यास, भाव सुमारे १९४ होईल. हे सहा रुपये भागधारकाच्या हाती पडलेले आहेत. त्यांना तोटा म्हणता येणार नाही. म्हणून काही तक्ते त्यापूर्वीचे सर्व भाव ०.९७ ने गुणून ठेवतात. यातून एक विलक्षण परिणाम उद्भवतो : प्रत्येक नवा लाभांश भूतकाळातील सर्व आकडे पुन्हा बदलतो. आज उतरून घेतलेला २००५ सालचा भाव आणि पाच वर्षांनी उतरून घेतलेला त्याच दिवसाचा भाव एक असणार नाही. हस्तलिखितांच्या संपादकास पाठभेद नवे नाहीत. परंतु येथे दोन्ही पाठ अधिकृत असतात. यास्तव प्रबंधिकेत तक्ता देताना तो कोणत्या तारखेस, कोणत्या स्थळावरून घेतला आणि लाभांशाचे समायोजन त्यात आहे किंवा नाही, हे नमूद न करणे मी दोष समजतो. परीक्षकांनीही तो दोष समजावा.

'डी-मार्ट' ही दुकाने चालविणाऱ्या 'ॲव्हेन्यू सुपरमार्ट्स' या कंपनीची मालिका या कटकटींपासून बरीच मुक्त आहे. २०१७ ते २०२४ या काळात तिने ना लाभांश दिला, ना बक्षीस भाग, ना विभाजन केले. नवशिक्याने अभ्यासास हीच मालिका घ्यावी. मात्र तीही एक वेगळा सापळा दाखविते. मार्च २०१७ मध्ये तिचे भाग २९९ रुपयांस विकले गेले, आणि २१ मार्च रोजी राष्ट्रीय शेअर बाजारातील पहिला भाव ६०४ रुपये ४० पैसे होता. फेब्रुवारी २०२० मध्ये तिने मोठ्या संस्थांस २,०४९ रुपये दराने नवे भाग दिले. २९९ पासून मोजल्यास ही वाढ सुमारे पावणेसातपट भरते. पहिल्या बाजारभावापासून मोजल्यास जेमतेम तिपटीहून थोडी अधिक. दोन्ही विधाने खरी आहेत. परंतु मूळ विक्रीच्या वेळी मागणी उपलब्ध भागांच्या शंभरपटीहून अधिक होती. म्हणजे २९९ हा भाव अगदी थोड्यांच्या वाट्यास आला. सामान्य गुंतवणूकदाराच्या अनुभवाविषयी लिहावयाचे असेल तर दुसरा आरंभबिंदूच ग्राह्य धरावा लागेल. आणि सर्वच ठिकाणी पहिला भाव चढाच असतो असेही नाही. २०२१ मध्ये 'कल्याण ज्वेलर्स'चे भाग ८७ रुपयांस विकले गेले, आणि पहिल्याच दिवशी बाजाराने त्याहून कमी भाव दिला.

सराफी कंपन्यांच्या बाबतीत आणखी एक पदर असतो. त्यांच्या तिजोरीतील सोने हाच त्यांचा माल. २३ जुलै २०२४ रोजी सोन्यावरील आयातकर १५ वरून ६ टक्क्यांवर आला. त्यासरशी पूर्वीच्या दराने घेतलेल्या साठ्याची किंमत उतरली, आणि त्याच वेळी गिऱ्हाईक मात्र दुकानाकडे वळण्याची शक्यता वाढली. अशा कंपनीचा भाव वाचताना सोन्याच्या भावाचा तक्ता बाजूस नसेल तर चढ कोणामुळे आला हे सांगता येणार नाही. दसरा-दिवाळीस विक्री वाढते म्हणून भागांचा भावही तेव्हाच वाढावा, ही समजूतही टिकत नाही. जे सर्वांस आधीच ठाऊक असते ते भावात आधीच उतरलेले असते.

राहता राहिला अनुपस्थितांचा प्रश्न. आज अस्तित्वात असलेल्या कंपन्यांच्या मालिका जमवून 'किरकोळ विक्रीच्या व्यवसायात गुंतविलेला पैसा वाढतो' असे सिद्ध करणे सोपे आहे, कारण बुडालेल्या कंपन्या त्या यादीत नसतात. 'बिग बझार'ची दुकाने चालविणारी तीच 'फ्यूचर रिटेल' २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली आणि जुलै २०२४ मध्ये ती मोडीत काढण्याचा आदेश झाला. मोडीत निघालेल्या कंपनीच्या मालमत्तेवर भागधारकाचा हक्क सर्व धनकोंच्या नंतर येतो. तिची मालिका ज्या तारखेस थांबते तेथपर्यंतचे सर्व आकडे तक्त्यात घ्यावयास हवेत, आणि पुढील रकान्यात रिकामी जागा न ठेवता ती का थांबली याची नोंद करावयास हवी.