मुद्रा कोणाची?

मराठेशाहींतील एखादें पत्र हातीं आलें म्हणजे संशोधकाची दृष्टि प्रथम कालोल्लेखाकडे, मग मायन्याकडे व शेवटीं मजकुराकडे वळते. मुद्रेकडे ती वळते ती बहुधा एवढ्याच हेतूनें कीं, पत्र अस्सल कीं बनावट याचा निर्णय व्हावा. तो निर्णय लागला म्हणजे मुद्रेचें काम संपलें असें समजण्याचा प्रघात आहे. संग्राहकांची तऱ्हा निराळी. त्यांस मुद्रा हवी असते. पत्र पुष्कळदां नको असतें. प्रस्तुत लेखांत आम्हांस असें दाखवावयाचें आहे कीं, मुद्रा ही केवळ खरेपणाची खूण नव्हे. ती धारण करणाऱ्यानें स्वतःविषयीं उच्चारलेलें एक वाक्य आहे. मी कोणाचा, माझा अधिकार कशासाठीं, आणि तो कोठपर्यंत, या प्रश्नांचीं उत्तरें त्या वाक्यांत कोरलेलीं असतात. वाक्य म्हटलें कीं त्यास व्याकरण आलें. आणि तें व्याकरण पाहिल्यावांचून मुद्रेचा अर्थ पुरता लागत नाहीं.

प्रथम मुद्रेच्या स्थानाचा विचार करूं. मुद्रा हा शब्द संस्कृत. शिक्का आणि मोर्तब हे फार्सी-अरबी वाटेनें आपल्याकडे आले व 'शिक्कामोर्तब' या जोडशब्दांत कायमचे स्थिरावले. शिवकालीन पुष्कळ पत्रांत मोठी मुद्रा पत्राच्या मस्तकीं असते व लहान मोर्तब मजकूर संपतो तेथें असतें. मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' किंवा 'लेखनसीमा' अशा अर्थाचीं अक्षरें असतात. म्हणजे येथें लेखन संपलें, यापुढें कोणीं एक अक्षर घातलें तर तें आमचें नव्हे. लांब पत्र कागदाचे अनेक बंद एकास एक चिकटवून तयार होई. अशा प्रत्येक सांध्यावर पाठीमागून शिक्का उठविण्याची चाल होती, कारण मधला बंद काढून दुसरा घातला तर दोन अर्धे जुळत नाहींत. तेव्हां मस्तकींची मुद्रा अधिकार सांगते, सांध्यावरचा शिक्का अखंडता सांगतो आणि शेवटचें मोर्तब मर्यादा सांगतें. यांपैकीं एकच कापून घेतला तर उरलेल्या दोघांची साक्ष बुडते.

मुद्रेवर किती विसंबावें, या प्रश्नाचा ऊहापोह आपल्या नाटककारांनीं फार पूर्वीं केला आहे. कालिदासाच्या शाकुंतलांत नामांकित अंगठी हरवते तेव्हां राजाची स्मृति हरवते, आणि ती सांपडते तेव्हां स्मृति परत येते. विशाखदत्ताच्या मुद्राराक्षसांत याच्या उलट प्रकार आहे. राक्षसाची अंगठी चाणक्याच्या हेराच्या हातीं लागते. चाणक्य राक्षसाच्याच स्नेह्याकडून, त्यास पत्ता लागूं न देतां, एक पत्र लिहवून घेतो व त्यावर ती मुद्रा उठवितो. अक्षर खरें, मुद्रा खरी, आणि पत्र मात्र खोटें! कागदपत्रांची पारख करणाऱ्या प्रत्येकानें हा प्रसंग मनांत बाळगावा. मुद्रा अस्सल ठरल्यानें पत्र अस्सल ठरत नाहीं. मुद्रा, मजकूर आणि प्रसंग यांचा मेळ बसावा लागतो.

आतां मुद्रालेखाकडे वळूं. शिवाजीमहाराजांची अष्टकोनी मुद्रा सर्वपरिचित आहे. इ. स. १६४६ च्या जानेवारींतील, रांझें येथील पाटलासंबंधींच्या पत्रावर ती आहे. त्या वेळीं महाराजांस सोळावें वर्ष चालूं होतें. भोंवतालच्या दरबारांत मुद्रा बहुधा फार्सी असत. ही मात्र संस्कृत, आणि तीहि अनुष्टुभ् छंदांत. तिचा आशय असा कीं, प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणें वाढत जाणारी, विश्वानें वंदिलेली, शाहाजीचा पुत्र जो शिव त्याची ही मुद्रा कल्याणासाठीं शोभते. यांतील प्रत्येक पद तोलून घातलेलें आहे. 'शाहसूनोः' आणि 'शिवस्य' या दोन षष्ठी. पहिली षष्ठी पित्याचें नातें सांगते आणि दुसरी त्या नात्याच्या आधारानें स्वतःचें नांव उच्चारते. पिता हयात आहे, विजापूरकरांच्या चाकरींत आहे; पुत्र त्याचें नांव टाकीत नाहीं, पण त्याच्या धन्याचें नांवहि घेत नाहीं. जें सांगितलें तें महत्त्वाचें, आणि जें गाळलें तें त्याहून महत्त्वाचें. यानंतर येते ती 'भद्राय' ही चतुर्थी. मुद्रा कोणाची हें षष्ठीनें सांगितलें. कशासाठीं हें चतुर्थीनें.

उपमेविषयींहि एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. प्रतिपदेची कोर आकाशांत सहसा डोळ्यांस दिसत नाहीं. लोकांस चंद्रदर्शन होतें तें बहुधा द्वितीयेस. म्हणजे मुद्रालेखाच्या कर्त्यानें निवडलेली कोर अशी आहे कीं, ती आहे हें गणितानें ठाऊक असतें, पण दृष्टीस पडत नाहीं. वाढ निश्चित आहे, पुरावा मात्र उद्यां दिसावयाचा आहे. सोळा वर्षांच्या जहागीरदारपुत्रास यापेक्षां समर्पक उपमा सुचवितां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. पुढें इ. स. १६७४ त राज्याभिषेक झाला, नवा शक सुरू झाला, बिरुदें बदललीं. पण मुद्रा तीच राहिली. छत्रपति झाल्यावरहि आपण वाढत्या कोरीच्याच अवस्थेंत आहों, असें ती सांगत राहिली.

या मुद्रेची परंपरा पुढील पिढ्यांत कशी वळली हें पाहणें फार उद्‌बोधक आहे. संभाजीमहाराजांच्या मुद्रेंत चंद्रकोर नाहीं. तेथें 'द्यौः' म्हणजे आकाश आहे. शिवापासून जन्मलेल्या शंभूची ही मुद्रा आकाशाप्रमाणें शोभते, आणि तिच्या अंकाचा आश्रय करणाऱ्याची लेखा कोणावर चालत नाहीं, असा प्रश्न तींत केला आहे. 'अंक' म्हणजे मांडी, तशीच खूणहि. 'लेखा' म्हणजे रेषा, तसेंच लेखनहि. पित्याच्या मुद्रेंत चंद्रलेखा होती. पुत्राच्या मुद्रेंत ती चंद्रलेखा जेथें वास करते तें आकाश आलें, असा धागा आम्हांस दिसतो.

राजाराममहाराजांच्या एका मुद्रेंत चंद्रकोरीची उपमा पुन्हां शब्दशः येते. फक्त 'शाहसूनोः' च्या जागीं 'शिवसूनोः' व शिवाच्या जागीं राजाराम हें नांव येतें. मात्र 'भद्राय' हें पद त्यांत नाहीं. यावरून कोणी राजनीतीच्या बदलाचें अनुमान काढील, तर तें घाईचें होईल. कारण सरळ आहे : 'शिवस्य' हीं तीन अक्षरें आणि 'राजारामस्य' हीं पांच, आठ अक्षरांच्या चरणांत या नांवामागें क्रियापद बसवावयाचें तर 'भद्राय' ला जागाच उरत नाहीं. छंदानें जें केलें त्याचें श्रेय वा दोष राज्यकर्त्याकडे देऊं नये. त्यांच्याच दुसऱ्या मुद्रेंत दाशरथि रामाची उपमा आहे, आणि ती नांवावरून सहज सुचलेली आहे.

शाहूमहाराज इ. स. १७०७ त मोगलांच्या कैदेंतून सुटून आले. त्यांच्या मुद्रेंत विष्णूच्या वामनमूर्तीची उपमा आहे. चंद्र गेला, वामन आला. परंतु 'वर्धिष्णु' हा शब्द राहिला. लहान दिसणारी, पण पावलागणिक वाढणारी मूर्ति! आजोबांच्या उपमेचा आत्मा नातवानें नव्या देहांत आणिला. संग्राहकांनीं येथें एक सावधगिरी बाळगावी. शाहूमहाराजांचें मूळचें नांव शिवाजी, म्हणून त्यांच्या मुद्रेंत 'शिवराजस्य' असें पद आहे. ठसा अर्धवट उठला असेल व एवढेंच पद वाचतां येत असेल, तर पत्र थोरल्या महाराजांचें म्हणून मिरविण्याचा मोह होतो. तेथें 'शंभुसूनोः' ही षष्ठी शोधावी. पित्याचें नांव हीच काळाची खूण.

राजांच्या मुद्रेंत पिता येतो. प्रधानांच्या मुद्रेंत धनी येतो. पेशव्यांच्या मुद्रांत प्रथम 'नरपतिहर्षनिधान' असें सामासिक पद व नंतर नांव आणि 'मुख्यप्रधान' हें पद असतें. म्हणजे राजाच्या आनंदाचा ठेवा असा जो अमुक प्रधान, त्याची ही मुद्रा. इ. स. १७४९ त शाहूमहाराज निवर्तले व रामराजे गादीवर आले, तेव्हां नानासाहेबांच्या मुद्रेंतील राजाचें नांव बदललें. वाक्याची घडण मात्र तशीच राहिली. वास्तविक सत्ता त्या वेळीं पुण्यास होती आणि राजा साताऱ्यास नांवाचा होता, हें सर्वांस ठाऊक आहे. तथापि ज्याच्या हातीं सर्व कारभार होता त्याच्याहि मुद्रेंत पहिलें नांव धन्याचें आहे. यास कोणी निव्वळ उपचार म्हणेल. आमचें म्हणणें असें कीं, जो उपचार टाळण्याचें सामर्थ्य असून टाळला जात नाहीं, तो त्या समाजाच्या समजुतीचा भाग असतो.

याच पदासंबंधानें पाठभेदाचा एक मुद्दा आहे. पूर्वींच्या कांहीं प्रधानांच्या मुद्रांत 'हर्षनिदान' असें वाचन मिळतें. निदान म्हणजे मूळ कारण. निधान म्हणजे ठेवा. दोन्ही रूपें शुद्ध आणि दोहोंचा अर्थ जुळणारा. तेव्हां एकास लेखनदोष मानून दुसऱ्याच्या आधारें तें सुधारूं नये. ठशांत जें अक्षर आहे तेंच छापावें.

सरदारांच्या मुद्रांत तिसरी रीति दिसते. तेथें आधी दैवत, मग पिता, मग स्वतःचें नांव; आणि 'चरणीं तत्पर', 'निरंतर' हीं मराठी पदें. शिंद्यांच्या मुद्रेंत जोतिबा, होळकरांच्या मुद्रेंत म्हाळसाकांत खंडोबा. भाषा संस्कृतांतून मराठींत उतरली आणि षष्ठीच्या जागीं 'चरणीं' ही सप्तमी आली. राजा म्हणतो, ही मुद्रा माझी. सरदार म्हणतो, मी अमक्याच्या पायांशीं. याखालीं उतरावें तों गांवच्या महजरांवर अक्षरांऐवजीं चित्रेंच येतात : पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी, शिपाईगड्याची कट्यार. ज्यास लिहितां येत नव्हतें त्यानें आपलें नांव आपल्या कामाच्या हत्यारांत पाहिलें. आमच्या मतें तीहि मुद्राच होय.

आमच्या घरीं वडिलार्जित असा एक लहान पितळी शिक्का आहे. त्यावर कुलदैवताचें नांव, आमच्या पणज्यांच्या वडिलांचें नांव, पणज्यांचें नांव व 'निरंतर' एवढेंच उलट्या अक्षरांत कोरलेलें आहे. इतिहासाच्या दृष्टीनें त्याची किंमत थोडी. परंतु त्याच्या मुठीस एका बाजूस नखाएवढी खांच आहे. अंगठा त्या खांचेंत बसला कीं ठसा सुलटा उठतो. अंधारांतहि चूक होत नाहीं. 'श्री'कडची कड इतर कडांपेक्षां अधिक झिजलेली आहे, यावरून दाबणाऱ्या हाताचा कल कळतो. कारागिरानें अक्षरांइतकाच त्या हाताचाहि विचार केला होता. ही गोष्ट कागदावरच्या ठशावरून कधींच कळली नसती. तेव्हां ज्यांच्या घरीं असे शिक्के आहेत त्यांनीं ते मोडीच्या भावानें देऊं नयेत, आणि ठसा पाहण्याच्या हौसेनें त्यांस पुनःपुन्हां शाई फांसूं नये. उजेड तिरपा पाडून छायाचित्र घ्यावें व तें उलटें करून वाचावें.

पत्रांवरील मुद्रांविषयीं विनंति याहून आग्रहाची आहे. एका संग्रहांत मस्तकींच्या मुद्रा कातरून वहींत ओळीनें चिकटविलेल्या आम्हीं पाहिल्या. मांडणी नेटकी होती. पण कोणती मुद्रा कोणत्या पत्रावरची, हें सांगणारें कोणी उरलें नव्हतें. षष्ठी हा संबंध दाखविणारा प्रत्यय आहे. संबंधी पदच काढून टाकलें तर प्रत्यय कोणास लावावयाचा? म्हणून मुद्रेची नोंद करितांना तिचा आकार, मोजमाप, पत्रांतील स्थान, शाईचा रंग, मोर्तबाचा पाठ आणि पाठीमागील सांध्यांवरचे ठसे यांची नोंद एकत्र करावी.

हल्लीं शिवमुद्रा पुष्कळ ठिकाणीं दिसते. इ. स. २०२२ च्या सप्टेंबरांत कोची येथें भारतीय नौदलाच्या नव्या ध्वजाचें अनावरण झालें, त्यांतील अष्टकोन या मुद्रेवरून घेतलेला आहे. लग्नपत्रिकांवर, वाहनांवर, दागिन्यांतहि ती आढळते. याबद्दल आमची तक्रार नाहीं. जी वस्तु लोकांस आपली वाटते तीच टिकते. मात्र एवढें ध्यानांत असावें कीं, त्या आठ कोनांच्या आंत एक पुत्र पित्याचें नांव घेतो, आपलें नांव सांगतो आणि लागलीच तें कोणाच्या तरी कल्याणास वाहून टाकतो. ज्यांच्या संग्रहीं अप्रकाशित मुद्रा असतील त्यांनीं त्या पत्रांसह, न कातरतां, प्रसिद्ध कराव्या, म्हणजे या विचारास अधिक आधार मिळेल किंवा त्याचें निरसन होईल. दोन्हींपैकीं कांहींहि झालें तरी अभ्यास पुढेंच जाईल. इत्यलम्.