पर्शिया क्लस्टरमधले एकेचाळीस सीव्ही



परवा ऑफिसातल्या एका पुणेकर मित्राने विचारलं, "तुम्हा ख्रिश्चन लोकांकडे दुःखाचं उत्तर तयारच असतं, नाही का?" तयार उत्तर नाही रे बाबा. एक हकीगत आहे, ती सांगतो.

मी मूळचा नगरचा (आता अहिल्यानगर, पण घरात अजून नगरच म्हणतात). इंजिनिअरिंग झाल्यावर इकडे आलो आणि गेली काही वर्षं इंटरनॅशनल सिटीत, पर्शिया क्लस्टरमधल्या एका स्टुडिओत राहतोय. ज्यांनी ही वसाहत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: शहराच्या कडेला, ड्रॅगन मार्टजवळ, इमारतींच्या गटांना देशांची नावं दिलीयेत. चीन, इंग्लंड, स्पेन वगैरे. भाडं दुबईच्या मानाने कमी, त्यामुळे इथे बहुतेक सगळे चार पैसे घरी पाठवायला आलेले.

एप्रिल २०२० मध्ये दुबईत चोवीस तासांची बंदी लागली. किराणा आणायला जायचं तरी परमिट. कंपनीने पगार निम्म्यावर आणला होता. पवित्र आठवड्यातल्या मंगळवारी पहाटे ताईचा फोन आला, पप्पा गेले. हार्ट अटॅक. भारताने विमानं बंद केलेली, जाणार कसा? तिकडे अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी. मी व्हॉट्सअ‍ॅपवर बघत होतो. पाळकसाहेबांची प्रार्थना सुरू झाली आणि चित्र अडकलं. आवाज मात्र येत होता. पेटीवर माती पडल्याचा आवाज ऐकला, दिसलं काहीच नाही.

ऊद मेथाचं चर्चही तेव्हा बंद होतं. (एरवी आमची मुख्य उपासना शुक्रवारी असायची. इथे शनिवार-रविवारची सुटी २०२२ पासून आली, त्यामुळे माझा 'रविवार' कित्येक वर्षं शुक्रवारीच उगवला.) ईस्टरची उपासना झूमवर झाली. मी आवाज म्यूट करून बसलो. प्रार्थनेला तोंडच उघडेना. खरं सांगायचं तर राग होता. एकाने फोनवर "देवाची काही योजना असेल" म्हटलं, त्याचा फोन मी मध्येच ठेवला. आजही त्याबद्दल फारसं वाईट वाटत नाही. वधस्तंभावर खुद्द येशूने "का?" विचारलं होतं, आणि वरून उत्तर आल्याचं शुभवर्तमानात कुठे लिहिलेलं नाही.

पप्पा गेले त्या संध्याकाळी बेल वाजली. दाराबाहेर झाकलेली डाळ आणि नान, आणि चार पावलं मागे मास्क लावून शेजारचे पेशावरी चाचा. एसी दुरुस्तीच्या कामावर होते. भिंती पातळ, त्यांना माझं रडणं ऐकू गेलं असणार. म्हणाले, "मय्यतवाले घर में चूल्हा नहीं जलता, बेटा." आमच्याकडेही शेजारून पिठलं-भाकरी येतेच की. दिवसभरात पहिल्यांदा जेवलो.

पप्पा शिक्षक होते आणि पंडिता रमाबाई हा त्यांचा आवडता विषय. त्याला कारणही घरचंच. त्यांची पणजी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून केडगावला आलेली मुलगी. स्वतःच्या गावाचं नावसुद्धा तिला सांगता येत नव्हतं म्हणे. पुढे ती मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायला शिकली. हे सगळं मी लहानपणी शंभरदा ऐकलेलं, कंटाळून. त्या बंदीत मात्र रमाबाईंचं चरित्र पहिल्यांदा नीट वाचलं. आई-वडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा, कॉलऱ्याने. वय २३, पदरात तान्ही मनोरमा. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे दुःख थांबलं असंही नाही. १९२१ मध्ये चाळिशीची मनोरमाही गेली. सोप्या मराठीत बायबल आणण्यासाठी बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. ते भाषांतराचं काम त्यांनी लेकीमागेही सोडलं नाही, ५ एप्रिल १९२२ ला स्वतः जाईपर्यंत.

मला यात अडकवलं ते १८९७ ने. दुष्काळाची बातमी आली तेव्हा बाई स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. उपाशी मरणं काय असतं हे त्यांनी घरात पाहिलं होतं. 'माझ्याच वाट्याला का' याचं उत्तर त्यांना मिळालं की नाही, देव जाणे. पण आमची पणजी त्यातूनच जगली, आणि म्हणून मी आहे.

मे महिन्यात चाचांची नोकरी गेली. दारात येऊन म्हणाले, "तू कंप्यूटरवाला है, मेरा सीव्ही बना दे." बनवला. त्यांनी एका नेपाळी वेल्डरला पाठवलं, त्याने आणखी दोघांना. रात्री दहानंतर माझा तोच उद्योग. बंगाली सुतार, केरळी ड्रायव्हर, एक फिलिपिनो ब्युटीशियन. "अनुभव काय?" विचारलं की माणसं आधी घरचं सांगायची, मग कामाचं. फोल्डरमध्ये एकेचाळीस फाइल्स झाल्या. नोकऱ्या सगळ्यांना लागल्या नाहीत, निम्म्यांचं पुढे काय झालं तेही कळलं नाही. पण अशाच एका रात्री, लॅपटॉप बंद करताना, पप्पांसाठी दोन शब्द तोंडातून निघाले. आधी ठरवलेलं काही नव्हतं.

चाचा २०२१ मध्ये कायमचे पेशावरला गेले. दर ईस्टरला न चुकता त्यांचा व्हॉइस मेसेज येतो, "हॅपी क्रिसमस, बेटा!" मी अजून दुरुस्त केलेलं नाही.

आपला,
एक नगरकर