मुखेडच्या माळावरचा अडीचशे कोटी वर्षांचा खडक

महाराष्ट्राचा दगड म्हटला की काळा कातळ डोळ्यांसमोर येतो. सह्याद्रीचे कडे, वेरूळ-अजिंठ्याची लेणी, बहुतेक गडकोटांचे बुरूज हे सारे त्याच बेसॉल्टचे. राज्याच्या सुमारे चार पंचमांश भूभागावर हा लाव्हा थरावर थर साचून पसरलेला आहे. नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, मुखेडच्या परिसरात, या काळ्या आवरणाला काठ येतो. मुखेडहून देगलूर-बिलोलीच्या दिशेने निघाले की सपाट माथ्याच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या टेकड्या मागे पडू लागतात, काळ्या मातीत तांबूस वाळूसर पट्टे दिसतात आणि बांधावर गुलाबी-करड्या रंगाचे गोलसर धोंडे डोके वर काढतात. हा ग्रॅनाइट. लाव्ह्याखाली जी जुनी जमीन गाडली गेली, तिचाच हा उघडा राहिलेला भाग. गोवळकोंड्याचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे, ती याच कुळातली.

भूवैज्ञानिकांना या काठाचे अप्रूप का वाटावे, हे समजण्यासाठी येथून शंभराहून थोड्या अधिक किलोमीटरवर असलेल्या किल्लारीकडे वळावे लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेथे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात दाखवलेला होता. २००२ च्या सुधारित नकाशात लातूरचा समावेश तिसऱ्या क्षेत्रात झाला. लाव्ह्याच्या पांघरुणाखाली नेमके काय दडले आहे, याची फारशी कल्पना कुणालाच नव्हती. ते पाहण्यासाठी भूकंपानंतर किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल विवर घेण्यात आले. पहिले ३३८ मीटर निव्वळ लाव्हा, मग आठेक मीटर गाळाचे थर आणि त्यानंतर कुठे प्राचीन स्फटिकी खडक लागला. कोयना परिसरात गोठणे येथे २०१७ मध्ये पूर्ण झालेल्या तीन किलोमीटर खोल विवरात तर तो लागायला १,२४७ मीटर जावे लागले.

इतक्या खटाटोपातून हाती येतो तो दगडाचा एक बारीक दंडगोल. त्यावरून खडकाची जात कळते. पण त्या खडकातल्या भेगा किती लांब जातात, कोणत्या दिशेने जातात, एकमेकींना कशा छेदतात, हे कळणे अवघड. मुखेड-देगलूरच्या पट्ट्यात तेच प्राचीन पायाखडक उन्हात उघडे पडलेले आहेत आणि त्यांच्यावरून चालत जाता येते. किल्लारीखालचा आणि येथला खडक अगदी एकच, असे अर्थात म्हणता येत नाही. किल्लारीखालचा खडक अधिक खोलवर, अधिक उष्णतेत व दाबाखाली रूपांतरित झालेला आहे. तरीही झाकलेल्या जमिनीचा अंदाज बांधायचा तर तिच्या उघड्या कडेपासून सुरुवात करणे हाच शहाणपणाचा मार्ग.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्राचे अध्यापन होते आणि क्षेत्रकार्य हा या विषयाचा कणाच आहे. त्यासाठी हंगाम निवडावा लागतो तो डिसेंबर-फेब्रुवारीचा. पावसाळ्यात शेतात पाऊल टाकता येत नाही आणि एप्रिल-मेमध्ये कातळावर हात टेकवत नाही. सोबतचे सामान साधे असते: भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा (जुन्या क्रमानुसार हा परिसर ५६ एफ या पत्रकात येतो), होकायंत्र, जीपीएस, दहापट मोठे दाखवणारे भिंग, कापडी पिशव्या आणि एका बाजूला चौकोनी, दुसऱ्या बाजूला टोकदार असा पोलादी हातोडा.

बाहेरच्या माणसाला वाटते, दगड फोडायचा आणि पिशवीत टाकायचा, यात कसले शास्त्र? प्रत्यक्षात दिवसाचा निम्मा वेळ दगड नाकारण्यातच जातो. शेतात पडलेला सुटा धोंडा उपयोगाचा नाही. तो कुणी बैलगाडीतून आणून टाकलेला असू शकतो. जमिनीशी अभंग जोडलेला खडकच हवा. त्यातही वरची बोटभर साल ऊन-पावसाने कुजलेली असते. तिच्यातली खनिजे बदललेली असल्याने प्रयोगशाळेत ती चुकीचेच सांगणार. म्हणून घाव घालत आतला ताजा, कणखर भाग गाठायचा. हातोड्याचा आवाजही साक्ष देतो: ताजा खडक खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. मुठीएवढा तुकडा निघाला की भिंगाखाली पाहणी होते. काचेसारखा दिसणारा क्वार्ट्झ, गुलाबी किंवा पांढरा फेल्डस्पार, काळे चकाकणारे अभ्रक हे तिन्ही डोळ्यांना वेगळे दिसले तर ग्रॅनाइट. बेसॉल्टचे कण इतके बारीक असतात की भिंगातूनही सहसा ओळखू येत नाहीत, आणि तेवढ्याच आकाराचा त्याचा तुकडा हाताला किंचित जड लागतो.

मग नोंद. तुकड्यावर क्रमांक, पिशवीवर क्रमांक, वहीत तोच क्रमांक. सोबत अक्षांश-रेखांश, उंची आणि आजूबाजूच्या खडकाचे रेखाचित्र. हे काम कंटाळवाणे आहे. पण ज्याची जागा ठाऊक नाही तो नमुना म्हणजे निव्वळ दगड. काही वेळा खडक फोडण्याआधीच त्यावर उत्तर दिशेचा बाण काढतात, म्हणजे तो जमिनीत कोणत्या दिशेने होता हे प्रयोगशाळेतही कळते.

सर्वांत मौल्यवान जागा म्हणजे नव्याने खोदलेली विहीर. ओढ्याकाठी लाव्हा आणि ग्रॅनाइट यांचा सांधा माती-झुडपांनी झाकलेला असतो. विहिरीच्या कापात मात्र वरून काळी माती, मुरूम, काळा कातळ आणि कधी नशिबाने त्याच्याखालचा ग्रॅनाइट असा सारा क्रम उघडा दिसतो. येथला लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तर पायाखडक ढोबळमानाने अडीचशे कोटी वर्षांचा. म्हणजे सांध्यावर पंजा टेकवला तर अंगठा आणि करंगळी यांच्यात दोनशे चाळीस कोटींहून अधिक वर्षांचे अंतर असते. एवढ्या काळात येथे काय घडले, याच्या खुणा बहुतांश झिजून गेल्या आहेत.

हे वय मोजले जाते ते झिरकॉन नावाच्या खनिजावरून. ग्रॅनाइट दळून त्यातून साखरेच्या कणाहूनही बारीक स्फटिक वेचून काढतात. स्फटिक तयार होताना त्यात अडकलेले युरेनियम ठरावीक वेगाने शिशात बदलत राहते. किती बदलले हे मोजले की वय निघते. दुसऱ्या तुकड्याचा छेद घासून घासून ०.०३ मिलिमीटर इतका पातळ करतात, तेव्हा दगडातून प्रकाश आरपार जातो आणि खडक पूर्वी कधी चिरडला गेला होता का, हे सूक्ष्मदर्शकातून दिसते.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. २००६ नंतरच्या काही वर्षांत नांदेड शहराने जमिनीतले गूढ आवाज आणि सौम्य धक्के अनुभवले. २१ मार्च २०२४ आणि पुन्हा १० जुलै २०२४ रोजी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले आणि ते नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. पायाखडकातल्या जुन्या भेगांवर ताण साचला तर त्याच पुन्हा हलण्याची शक्यता अधिक असते. या भेगांची दिशा उघड्या ग्रॅनाइटवर होकायंत्राने मोजता येते. भूकंप कधी होईल हे कोणताही दगड सांगत नाही. लाव्ह्याखाली शोध कोणत्या दिशेने घ्यावा, एवढे मात्र त्यावरून ठरवता येते.

गावकऱ्यांचा पहिला प्रश्न वेगळाच असतो: ‘साहेब, पाणी कुठं लागंल?’ त्याचे उत्तरही बरेचसे पिशवीतल्या दगडातच असते. बेसॉल्टमध्ये पाणी सच्छिद्र थरांत, दोन थरांच्या मधल्या आडव्या फटींत आणि भेगांत साठते. ग्रॅनाइटमध्ये ते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि खाली गेलेल्या अरुंद भेगांत असते; भेग हुकली तर दहा पावलांवरची बोअर कोरडी जाते. त्यात आणखी एक मेख आहे. ग्रॅनाइटमधील अभ्रक, ॲपेटाइट यांसारख्या खनिजांत फ्लोराइड असते आणि ते पाण्यात झिरपते. तेलंगणातील नळगोंडा जिल्हा याच कारणाने हाडे वाकवणाऱ्या फ्लोरोसिससाठी कुप्रसिद्ध झाला. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असू नये, अशी मर्यादा आहे. चव, रंग, वास यांतून ते कळत नाही. लाव्ह्याच्या काठावरच्या गावात एका विहिरीचे पाणी बेसॉल्टमधून येत असेल आणि शेजारच्या खोल बोअरचे त्याखालच्या ग्रॅनाइटमधून, तर दोन्ही पाण्यांची तपासणी स्वतंत्रच करावी लागते. म्हणूनच खडकांच्या पिशव्यांसोबत संध्याकाळी गाडीत पाण्याच्या बाटल्याही चढतात, आणि त्यांच्यावर ज्या खडकातून पाणी आले त्या नमुन्याचाच क्रमांक घातलेला असतो.