खोबऱ्याच्या वाटीतला घोडेस्वार

धुळवडीला बाकीच्या गावांत पिचकाऱ्या सुटलेल्या असतात, नाशिककर मात्र कोरडाच असतो. त्याचा रंग पाचव्या दिवशी, रंगपंचमीला, रहाडीत म्हणजे रंगाच्या हौदात उडी मारून खेळायचा. धुळवड इथे वीरांची.

ऊन कललं की जुन्या नाशकातल्या गल्ल्यांतून वाजतगाजत माणसं गोदाकाठाकडे निघतात. पुढे राम नाहीतर शिवाजी महाराज झालेला पाच-सात वर्षांचा पोरगा. मिशी घामाने ओघळलेली, लक्ष आइस्क्रीमच्या गाडीवर. शेजारी बाप किंवा आजोबा, हातात लाल फडक्यातली खोबऱ्याची वाटी. वाटीत असतो टाक: काड्यापेटीएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उठावाचा घोडेस्वार. हा घरातला वीर. घराण्यात कधीतरी कुणी लढाईत पडला, दरोडेखोरांशी झुंजताना गेला, अकाली गेला. तो असा देवघरात खंडोबा-भवानीच्या पंगतीला येऊन बसला. वर्षातून एकदा त्याला रामकुंडावर न्यायचं, आंघोळ घालायची, परत आणून होळीभोवती नाचवायचं.

लढाई आणि तळहातावर मावणारी मूर्ती यांची जोडी जगात इतरत्रही आहे. १९१८ च्या मार्चमध्ये जर्मन तोफा सुमारे १२० किलोमीटरवरून पॅरिसवर गोळे टाकू लागल्या, वरून विमानांचे बॉम्ब होतेच. तेव्हा पॅरिसकरांनी लोकरीच्या बाहुल्या गळ्यात, कोटाच्या गुंडीला अडकवल्या. एक नेनेत, एक रँतँतँ. नावं चित्रकार पुलबो याच्या युद्धाआधीच्या बाहुल्यांची. धाग्याने बांधलेली ही जोडी तोडायची नाही आणि स्वतःसाठी विकत घ्यायची नाही. कुणी दिली तरच लागू पडते, असा समज. त्याच वर्षी एका अमेरिकन सैनिकाला लढाईच्या मुलखात कुत्र्याची पिल्लं सापडली, त्याने दोघांना हीच नावं दिली. त्यातला रँतँतँ, म्हणजे अमेरिकन तोंडातला रिन टिन टिन, पुढे हॉलिवूडचा नट झाला. बाहुली विसरली गेली, कुत्रा राहिला.

नाशिकला तोफेचं अप्रूप नाही. जवळच्या देवळालीला तोफखान्याची शाळाच आहे. पण इथला वीर त्या लोकरीच्या जोडीच्या नेमका उलटा. ती बाहुली अजून न लागलेल्या गोळ्यासाठी होती. वीराला घाव लागून चुकला आहे. जो स्वतः वाचला नाही त्याच्याकडेच घराची राखण सोपवायची, हा हिशेब मला फार आपला वाटतो. गावोगावच्या वेशीवरचे वीरगळ, पडलेल्या वीरांच्या आठवणीचे दगड, हेच सांगतात: खाली झुंज, मधे अप्सरा वीराला वर नेताहेत, सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. टाक म्हणजे वीरगळच, उचलून घरात आणलेला.

नाशकातला सर्वांत मानाचा वीर दाजीबा, ऊर्फ बाशिंगे वीर. त्याची मिरवणूक जुन्या नाशकातून निघते आणि घरोघरी थांबत, ओवाळून घेत पुढे सरकते. तो दूध विकणारा गवळी होता म्हणतात. लग्न ठरलं, अंगाला हळद लागली आणि वाटेत चोरांनी गाठलं. म्हणून ज्याच्याकडे मान असतो तो आजही बाशिंग बांधूनच निघतो. आणि लग्न जमत नसलेली मुलं-मुली नवस बोलतात ते ह्याच वीराला, ज्याचं स्वतःचं राहून गेलं! मला ह्यात विनोद दिसतो, नवस बोलणाऱ्यांना दिसत नाही.

टाक घडवण्याची रीत जुनी आणि साधी. धातूच्या ठशावर पातळ पत्रा ठेवून ठोकायचा. घोडा, तलवार, फेटा वर उठतात. आतली पोकळी लाखेने भरून मागून तांब्याचा पत्रा बसवायचा. उठाव जितका उंच, तितका तो आधी झिजतो. चिंचेने, राखेने घासून घासून पहिल्यांदा नाक जातं, मग मिशी, मग तलवारीचं टोक. घोडा टिकतो. पिढ्यान्‌पिढ्यांचा टाक हातात घेतला तर अंगठ्याला नुसता एक उंचवटा लागतो, आणि घरातलं जाणतं माणूस सांगतं, हा चेहरा, हा हात.

मग टाक उजळायला काढतात. सोनार काट्यावर टाकून चांदी किती उरली ते आधी बघतो, त्याला वीराशी देणंघेणं नाही. काही घरं जुना टाक नदीत सोडतात, काही त्याच चांदीत थोडी भर घालून नवा करवून घेतात. वीराला नाक परत येतं, मिशी परत येते, पण ती ठशातली. एकाच ठशावर ठोकलेला, एकाच तोंडावळ्याचा स्वार कितीतरी आडनावांच्या देवघरांत बसलेला आहे. धुळवडीला रामकुंडावर या वाट्या शेजारी शेजारी टेकवलेल्या असतात. ओल्या फडक्यांची अदलाबदल होते, त्यावरून कुरबुर होते. वीर मात्र ज्याने त्याने न बघताच, झिजेवरून ओळखून उचललेला असतो.