बिडीच्या बंडलावरची कामठी

बेसबॉलपटूंची चित्रं असलेली कार्डं अमेरिकेत लोकप्रिय केली ती तंबाखूवाल्यांनी. 1880च्या दशकात सिगारेटचं पाकीट पातळ कागदाचं असे. आतल्या सिगारेटी चेपू नयेत म्हणून त्यात पुठ्ठ्याचा तुकडा घालत. अॅलन अँड गिंटरसारख्या कंपन्यांनी त्या कोऱ्या तुकड्यावर खेळाडू छापले, आणि संच पुरा करायला गिऱ्हाईक तेच पाकीट मागू लागलं. पुढे 1909 ते 1911 या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेल्या मालिकेतलं होनस वॅगनरचं कार्ड 2022 साली साडेबहात्तर लाख डॉलरला विकलं गेलं. वॅगनरने आपलं चित्र छापणं थांबवायला लावलं, म्हणून ते दुर्मिळ. पोरांनी चित्रापायी तंबाखू विकत घेऊ नये असं त्याला वाटत होतं, असं त्याचं एक कारण सांगितलं जातं. आता टॉप्स ही कंपनी त्या जुन्या धाटणीची नवी कार्डं काढते आणि तीही लोक हौसेने जमवतात.

जमवणाऱ्याची हीच नजर नागपूरजवळच्या कामठीत बिडीच्या लेबलाकडे वळवली पाहिजे. कन्हान नदीकाठी 1821 साली इंग्रजांनी वसवलेली ही छावणी पुढे बिडीचं गाव म्हणूनही ओळखली गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जबलपूरकडे गुजराती व्यापाऱ्यांनी बिडीचा धंदा संघटित केला. रेल्वेचं जाळं पसरलं तसा तो गोंदिया, भंडारा, नागपूरकडे आला. तेंदूपान इथल्या जंगलांत होतं आणि हात घरोघरी होते. तंबाखू निपाणी आणि गुजरातकडून येई.

बिडी सगळ्यांची सारखीच दिसते. पान तेच, दोरा तोच. मग गिऱ्हाइकाने आपली बिडी ओळखायची कशी? अक्षरओळख नसलेला माणूस दुकानात चित्राच्या नावाने बिडी मागे, आणि चित्र चुकलं की बंडल परत करी. म्हणून लेबल गडद रंगांत, एका नजरेत कळेल असं छापलं जाई: वाघ, घोडा, देवदेवता, किल्ली, आकडा. बंडल एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळतं असल्यामुळे चित्र मधोमध, ठळक हवं. बाजूला नाव दोन-तीन लिप्यांत, कोपऱ्यात अनेकदा मालकाचा फोटो, आणि खाली नकली मालापासून सावध राहण्याची सूचना.

जुनं लेबल हातात आलं की आधी पत्त्याची ओळ वाचावी. चित्र वर्षानुवर्षं तेच राहतं, पत्ता मात्र राज्यांच्या सीमांबरोबर बदलत गेला. कामठीच्या पत्त्यात ‘सी. पी.’, म्हणजे मध्य प्रांत, असेल तर लेबल बहुधा 1950 पूर्वीचं. ‘मध्य प्रदेश’ असेल तर 1950 ते 1956चं, कारण तेव्हा नागपूर त्या राज्याची राजधानी होतं. 1956नंतर कामठी द्विभाषिक मुंबई राज्यात गेली आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात. किंमत ‘नये पैसे’ अशी असेल तर लेबल एप्रिल 1957 नंतरचं. सहा आकडी पिनकोड असेल तर 1972 नंतरचं. नोंदणीकृत ट्रेडमार्कचा क्रमांक असेल तर 1940च्या कायद्यानंतरचं. अर्थात छापखान्यात जुना ठसा वर्षानुवर्षं वापरला जातो. म्हणून एका खुणेवर न थांबता दोन-तीन खुणा जुळवाव्यात.

धोक्याच्या सूचनेवरूनही काळ कळतो. 31 मे 2009 पासून तंबाखूच्या वेष्टनावर चित्ररूप इशारा आला आणि 1 एप्रिल 2016 पासून त्याला दोन्ही बाजूंची 85 टक्के जागा द्यावी लागली. ते योग्यच झालं. पण या इशाऱ्यामुळे वाघ-घोड्यांना जेमतेम पट्टी उरली आणि त्याआधीची लेबलं एका संपलेल्या काळाची झाली. नावंही बदलतात. पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीची ‘संभाजी बिडी’ शिवप्रेमींच्या विरोधानंतर 2021 साली ‘साबळे बिडी’ झाली. आज सामान्य वाटणारा कागद उद्या पुरावा ठरतो तो असा.

पण लेबलावर मालकाचा फोटो असतो, बिडी वळणारीचा नसतो. पान भिजवायचं, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचं, चिमूटभर जर्दा पसरायचा, वळायचं, तोंड नखाने मुडपायचं, दोरा बांधायचा. दिवसाला असं शेकडो वेळा. मजुरी हजारावर, आणि मोजताना ‘छाट’ म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या वळणारीच्या अंगावर.

या हातांसाठी उभा राहिलेला माणूस कामठीचाच. बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे, म्हणजे एल. एन. हरदास, 6 जानेवारी 1904 रोजी इथे जन्मले. ‘जय भीम’ हे अभिवादन रुजवणारे म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. बिडी मजुरांची पिळवणूक थांबावी म्हणून त्यांनी सहकारी तत्त्वावर बिडीचं काम सुरू केलं आणि मजुरांची संघटना उभारली. 1937 साली ते मध्य प्रांताच्या विधानसभेवर निवडून गेले. 12 जानेवारी 1939 रोजी, अवघ्या पस्तिशीत, क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. बिडी कामगारांसाठी देशव्यापी कायदा झाला तो 1966 साली.

त्या कायद्याने आणि 1976च्या कल्याण निधीने दोन कागद दिले. एक ओळखपत्र, त्यावर कामगाराचा फोटो. दुसरी नोंदवही, तिच्यात किती पान-तंबाखू घेतला आणि किती बिड्या दिल्या याचा हिशेब. बेसबॉलच्या कार्डावर पुढे खेळाडूचा चेहरा आणि मागे त्याच्या कामगिरीचे आकडे असतात. बिडी कामगारणीच्या बाबतीत हे दोन्ही आपल्याकडे तयार आहे. फक्त ते जपण्याच्या लायकीचं आहे असं आपण ठरवलेलं नाही.

अमेरिकेतल्या कार्डांना मोल आलं ते जेफरसन बर्डिक नावाच्या माणसामुळे. विजेचं सामान बनवणाऱ्या कारखान्यातला हा साधा कामगार सांधेदुखीने जखडलेला होता. त्याने कार्डांची पद्धतशीर यादी केली, आणि तीन लाखांहून अधिक कागद न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन ते स्वतः लावण्यात अखेरची वर्षं घालवली. तसं काम कामठीत करायला पैसा फार लागणार नाही. लेबलाला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. आम्लरहित कागदात ठेवा. कुणाकडून, कुठून, कधी मिळालं ते मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. आणि प्रत्येक लेबलाशेजारी, घरच्यांच्या संमतीने, ती बिडी वळणाऱ्या एका तरी बाईचं ओळखपत्र आणि तिच्या नोंदवहीचं एक पान ठेवा. मालकाचा छाप आणि मजुरणीचा हिशेब एका पानावर आले, तरच तो संग्रह कामठीचा म्हणता येईल.