प्रोटॉनचं वस्तुमान येतं कुठून?

पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतीत "वस्तुमान म्हणजे काय?" असं विचारलं, तर बरेच जण शाळेतलं उत्तर देतात: पदार्थातील द्रव्यसंचय. ठीक आहे, पण मग हा हिशोब लावून दाखवा.

प्रोटॉनचं वस्तुमान ऊर्जेच्या एककात सुमारे 938 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट. त्यात दोन अप क्वार्क, प्रत्येकी साधारण 2.2 चे, आणि एक डाउन क्वार्क, साधारण 4.7 चा. बेरीज जेमतेम 9. म्हणजे शंभरातला एक भाग! उरलेलं "द्रव्य" गेलं कुठे?

इथे द्रव्यसंचय सोडून न्यूटनकडे वळायचं. बल = वस्तुमान × त्वरण. वस्तुमान म्हणजे वेग बदलायला वस्तू किती विरोध करते त्याचं माप, बस्स. आत काय भरलंय, याबद्दल हे सूत्र काहीच म्हणत नाही.

आता एक पेटी घ्या. आतल्या भिंती आरशाच्या, आणि आत फक्त प्रकाश, मागेपुढे आपटत राहणारा. प्रकाशकणांना स्वतःचं वस्तुमान शून्य. पेटी मागून ढकला. प्रकाश मागच्या भिंतीवर पोचेपर्यंत तिचा वेग वाढलेला असतो, ती प्रकाशाला सामोरी येते, त्यामुळे तडाखा जोरात बसतो. पुढची भिंत मात्र प्रकाशापासून दूर पळत असते, तिथे तडाखा हलका. दोन्हींतला फरक तुमच्या ढकलण्याच्या विरुद्ध दिशेला. म्हणजे रिकाम्या पेटीपेक्षा ही पेटी हलवायला जास्त बल लागतं, जणू तिचं वस्तुमान वाढलंय. किती? आतली ऊर्जा भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. ई = एमसी² चा अर्थ मला तरी या पेटीतून जास्त पटतो. "वस्तुमानाचं ऊर्जेत रूपांतर" हे पाठ केलेलं वाक्य उलट घोटाळाच करतं.

प्रोटॉन म्हणजे साधारण अशीच पेटी, फक्त भिंती नाहीत. आत जवळजवळ प्रकाशवेगाने धावणारे क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारं ग्लुऑनचं क्षेत्र. वस्तुमानाचा बहुतांश वाटा या ऊर्जेचा. 2012 मध्ये सापडलेल्या हिग्ज कणाला "सगळ्या वस्तुमानाचं कारण" म्हणतात, ते म्हणून बरोबर नाही. क्वार्क आणि इलेक्ट्रॉनसारख्या मूलकणांचं वस्तुमान हिग्ज क्षेत्रामुळे, पण 60 किलोच्या माणसातल्या अप-डाउन क्वार्कांची वर केली तशी बेरीज केली, तर किलोभरही भरत नाही.

एक शंका इथे यायलाच हवी. अणुकेंद्र तर त्याच्या सुट्या भागांपेक्षा हलकं असतं, मग प्रोटॉन जड कसा? अणुकेंद्रातले प्रोटॉन-न्यूट्रॉन वेगळे काढून मोजता येतात. क्वार्क तसा सुटा मिळतच नाही, त्यामुळे बंधनऊर्जेचा तो हिशोब इथे लागू पडत नाही.

प्रोटॉनचं वस्तुमान सिद्धांतावरून काढता येतं का? अवकाश-काळाची जाळी कल्पून महासंगणकावर ते काढतात. 2008 मध्ये उत्तर काही टक्क्यांच्या अचूकतेने जुळलं. निव्वळ ग्लुऑनच्या सिद्धांतातून वस्तुमान निर्माण होतं, याची काटेकोर गणिती सिद्धता मात्र अजून नाही. क्ले संस्थेने 2000 साली त्यावर लावलेलं दहा लाख डॉलरचं बक्षीस तसंच पडून आहे.