तणनाशकाचा डावा-उजवा हात

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक. पेरणीपाठोपाठ तणाचा प्रश्न उभा राहतो. पीक उगवण्यापूर्वी जमिनीवर फवारल्या जाणाऱ्या तणनाशकांत ‘मेटोलाक्लोर’चा समावेश होतो. सोयाबीन व मका या पिकांसाठी जगभर वापरले गेलेले हे रसायन १९७६ मध्ये बाजारात आले. मात्र त्यातील निम्मा भाग जवळजवळ निरुपयोगी होता.

याचे कारण रेणूच्या रचनेत आहे. डावा आणि उजवा हात सारखे दिसतात, पण डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात बसत नाही. काही रेणूंचेही तसेच असते. अणू तेच, जोडणी तीच. मात्र रूपे एकमेकांची आरशातील प्रतिमा. अशा रेणूंना ‘कायरल’ म्हणतात. मेटोलाक्लोरची अशी चार रूपे आहेत. त्यांपैकी दोनच रूपांतून तणनाशक गुणाचा सुमारे ९५ टक्के भाग येतो, हे १९८२ मध्ये स्पष्ट झाले. उरलेली दोन रूपे काम न करताच मातीत जात होती.

निसर्ग नेमका एकच हात घडवतो. खाजकुहिलीच्या बियांतील एल-डोपा हे त्याचे उदाहरण. कारखान्यात मात्र रेणूला हायड्रोजन जोडताना तो दोन्ही बाजूंनी सारखाच येतो आणि दोन्ही हात समप्रमाणात तयार होतात. येथे फॉस्फरस मदतीला येतो. फॉस्फरस आपल्या इलेक्ट्रॉनांच्या जोडीने ऱ्होडियम, इरिडियम यांसारख्या धातूला धरतो. धातूला असे धरणाऱ्या रेणूला ‘लिगंड’ म्हणतात. लिगंडच कायरल असला, तर धातूभोवतीची जागा एकाच हाताला सोयीची होते आणि हायड्रोजन मुख्यतः एकाच बाजूने जोडला जातो. अमेरिकेतील विल्यम नोल्स यांनी १९६८ मध्ये हा मार्ग दाखवला. पुढे त्याच मार्गाने कंपवातावरील एल-डोपा कारखान्यात तयार होऊ लागले. नोल्स आणि जपानचे रियोजी नोयोरी यांना २००१ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा भाग विभागून मिळाला.

सीबा-गायगी या स्विस कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मेटोलाक्लोरसाठी इरिडियम आणि दोन फॉस्फरस अणू असलेला ‘झायलीफॉस’ हा लिगंड निवडला. १९९६ मध्ये उत्पादन सुरू झाले. उत्प्रेरकाचा एक रेणू दहा लाखांहून अधिक रेणू घडवतो. शंभरांतील सुमारे नव्वद रेणू उपयुक्त हाताचे निघतात. औषधासाठी एवढी शुद्धता पुरेशी नसती, तणनाशकाला ती पुरली. तोच परिणाम सुमारे एक तृतीयांश कमी मात्रेत साधू लागला.

तरीही योग्य हात निवडल्याने रसायन निर्धोक ठरत नाही. भूजलात त्याचे विघटित अंश उतरण्याच्या धोक्यामुळे युरोपीय संघाने जानेवारी २०२४ मध्ये या सुधारित मेटोलाक्लोरच्या परवानगीचे नूतनीकरण नाकारले. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला भूजलाचे मोल वेगळे सांगायला नको. रसायनशास्त्राने मातीवरचा अनावश्यक भार कमी केला. उरलेला भार किती सोसायचा, हे मात्र पाणी तपासूनच ठरवावे लागेल.